‘मोफा, कलम ११’ एवढ्यावर फुटनोट का संपत नाही

ठाण्यातल्या एका लॉ कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा. तिने मानीव अभिहस्तांतरणावर, म्हणजे आपण सगळे ज्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतो त्यावर (बिल्डरने मालकी सोसायटीच्या नावे लिहून दिली नाही तर ती सरकारी अधिकाऱ्यामार्फत करून घेणं), चाळीस पानांचा प्रकल्प लिहिला. मार्गदर्शक मॅडमनी तो परत केला. चौतीस फुटनोटांना लाल गोल आणि शेवटी एकच शेरा: ‘संदर्भ नीट द्या’. नीट म्हणजे कसे, ते सांगितलं नाही. तिला विचारायचंय की संदर्भासाठी ब्लूबुकची पद्धत पाळू की ऑस्कोलाची, खटल्याचं नाव तिरक्या अक्षरांत हवं का, आणि कायद्याची नुसती लिंक दिली तर भागेल का. नमुन्यादाखल तिने चार फुटनोटा दिल्यात (मोफा म्हणजे महाराष्ट्राचा मालकी हक्काच्या फ्लॅटचा कायदा, भा. दं. वि. म्हणजे भारतीय दंड संहिता):

मोफा, कलम ११.
ओल्गा टेलिस केस, १९८६ (सुप्रीम कोर्ट).
शासन निर्णय, सहकार विभाग.
भा. दं. वि. ४२०.

मी ठाणे जिल्हा न्यायालयात वीस-बावीस वर्षं वकिली करतोय. बहुतेक कामं सोसायट्यांची. शनिवारी कायद्याच्या मुलांना शिकवतोही. त्यामुळे तुमचा विषय माझ्या रोजच्या टेबलावरचा आहे आणि या चार ओळी वाचून मॅडमचा लाल पेन का चालला असेल, हे मला लगेच कळलं.

आधी स्वल्पविरामांचं उरकून घेऊ. ब्लूबुक अमेरिकेतलं, ऑस्कोला ऑक्सफर्डचं, आपल्याकडे इंडियन लॉ इन्स्टिट्यूटचीही स्वतःची पद्धत आहे. कोणती घ्यायची हे तुमच्या कॉलेजच्या नियमावलीवर ठरेल. नियमावली नसेल तर मॅडमना सरळ विचारा. त्यांनाही फरक पडत नसेल तर कुठलीही एक घ्या आणि शेवटच्या पानापर्यंत तीच ठेवा. मॅनेजमेंट किंवा समाजकार्याची मुलं एपीए वापरतात. त्यांच्यासाठी सांगतो, कायद्याच्या संदर्भांसाठी एपीएसुद्धा ब्लूबुकच्याच वाटेने जातं. आणि यातलं एकही पुस्तक मंत्रालयातल्या शासन निर्णयांसाठी लिहिलेलं नाही, तिथे थोडी शिवणकला आपली आपल्यालाच करावी लागते. तिरक्या अक्षरांपायी मी आजवर कुणाचा गुण कापलेला नाही. ‘मोफा, कलम ११’ साठी मात्र कापलेत.

खरी अडचण वेगळी आहे. फुटनोट वाचून मॅडमना नेमक्या त्याच ओळीवर पोचता आलं पाहिजे, जी तुम्ही वाचलीत. कायद्याच्या बाबतीत हे दिसतं त्यापेक्षा अवघड जातं, कारण ती ओळ जागेवर थांबत नाही. कलमं घुसवली जातात, वगळली जातात, कायद्याचं नावच बदलतं, निवाडा पुढे रद्दबातल ठरतो. म्हणून कुठलं कलम एवढं सांगून पुरत नाही, ते कोणत्या तारखेला कसं होतं हेही सांगावं लागतं.

तुमचंच कलम ११ घ्या. मोफा १९६३ चा. पण १९६३ साली कलम ११ मध्ये एवढंच होतं की बिल्डरने विहित मुदतीत सोसायटीला मालकी हक्क लिहून द्यावा. मुदत किती, ते कलमात नव्हतंच. ते मोफाच्या १९६४ च्या नियमांतल्या नियम ९ मध्ये आहे, सोसायटी नोंदल्यापासून चार महिने. बिल्डरने दिलंच नाही तर काय, याचं सोपं उत्तर कायद्यात नव्हतं. लोक दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं चपला झिजवत. २००८ च्या दुरुस्तीने कलम ११ ला पोटकलमं जोडली गेली आणि मानीव अभिहस्तांतरण जन्माला आलं. आता पोटकलम (३) खाली सोसायटी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, व्यवहारात जिल्हा उपनिबंधकांकडे, अर्ज करते आणि पोटकलम (४) खाली त्यांनी सहा महिन्यांच्या आत प्रमाणपत्राचा निर्णय करायचा असतो.

म्हणजे ‘मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद १९६३ पासून आहे’ असं तुम्ही वर लिहिलं आणि खाली ‘मोफा, कलम ११’ असा ठिपका दिला, तर फुटनोट चुकली आणि तिच्याबरोबर वरचं वाक्यही चुकलं. मी अशी फुटनोट लिहीन: अधिनियमाचं पूर्ण नाव (पहिल्यांदा कंसातल्या लांबलचक शेपटासकट, पुढे ‘मोफा’ म्हणू असं सांगून), १९६३ चा महाराष्ट्र अधिनियम ४५, कलम ११(३), २००८ च्या दुरुस्तीने दाखल. चार महिन्यांबद्दल लिहिताना फुटनोट नियम ९ ची. कलमाच्या पोटात किती खोल जायचं? जिथे तुमचं वाक्य आहे तिथपर्यंत. पोटकलम, खंड, परंतुक (‘परंतु’ने सुरू होणारी अट), स्पष्टीकरण, जे असेल ते. अर्धे वाद परंतुकातच लपलेले असतात.

अधिनियमाचा क्रमांक कशाला, असं मुलं हमखास विचारतात. नावातलं वर्ष आणि क्रमांकातलं वर्ष सारखं असेलच असं नाही, म्हणून. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ ही १९७४ चा अधिनियम २ आहे. सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा १९६१ चा महाराष्ट्र २४. भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा २००० चा महाराष्ट्र १८. विधेयक एका वर्षी मंजूर होतं, संमती पुढच्या वर्षी मिळते, आणि क्रमांक संमतीच्या वर्षाचा पडतो. तुमच्या विषयात तर मोठाच खड्डा आहे. महाराष्ट्र गृहनिर्माण अधिनियम, २०१२ हा २०१४ चा महाराष्ट्र २. कुठल्यातरी जुन्या लेखातून तो उचलून ‘सध्याचा कायदा’ म्हणून देणारे प्रकल्प मी दरवर्षी दोन-तीन तरी पाहतो. केंद्राच्या रेराने, म्हणजे स्थावर संपदेच्या २०१६ च्या अधिनियम १६ च्या कलम ९२ ने, तो निरसित केलेला आहे. त्याचा उल्लेख करायचा तर इतिहास म्हणून करा आणि निरसनाची फुटनोट जोडा.

नावांचंही तसंच. ठाणे आणि नवी मुंबई महापालिका ज्या कायद्याखाली चालतात तो १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम झालाय. क्रमांक तोच, ५९. जुना निवाडा उद्धृत करताना त्यातलं जुनं नाव तसंच ठेवा, कंसात नवं द्या. निवाड्याच्या तोंडी नवं नाव घालू नका.

लिंकचं विचारलंत. इंडिया कोड ही सरकारी साइट वापरायला माझी हरकत नाही, मी स्वतः रोज वापरतो. पण लिंक हे तिथे पोचायचं वाहन, संदर्भ नव्हे. आधी पूर्ण संदर्भ द्या, मग हवी तर लिंक आणि पाहिल्याची तारीख. खाजगी साइटवरचा मजकूर घेतलात तर दुरुस्त्या त्यात चढल्यात का, ते राजपत्राशी ताडून पाहा. आणि घरात कुणा सिनियरचा २०११ चा बेअर ॲक्ट (कायद्याच्या नुसत्या मजकुराची छापील प्रत) पडला असेल तर तो चहाच्या कपाखाली ठेवायला उत्तम.

आता ओल्गा टेलिस. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

निवाडा १० जुलै १९८५ चा. एससीसी आणि एआयआर या निवाडे छापणाऱ्या मालिका, म्हणजे रिपोर्टर. एससीसीमध्ये तो (१९८५) ३ एससीसी ५४५ (वर्ष, खंड, पान), आणि एआयआरमध्ये एआयआर १९८६ एससी १८०. तुमचं १९८६ एआयआरच्या खंडाचं वर्ष आहे, निकालाचं नव्हे. एससीसीत वर्ष कंसात येतं, एआयआरमध्ये कंसाशिवाय. हे मात्र पाळा, कारण शोधणारा त्यावरूनच कपाटाकडे वळतो. दोन्ही द्यायची गरज नाही. तुम्ही ज्यातून वाचलंत ते द्या आणि त्यातलाच परिच्छेद क्रमांक द्या. जुन्या निवाड्यांत परिच्छेदांचे आकडे एका रिपोर्टरमधून दुसऱ्यात बदलतात, तेव्हा एससीसीचं पान आणि एआयआरचा परिच्छेद अशी खिचडी करू नका.

पण माझा मोठा आक्षेप पुढे आहे. तो फुटपाथवर राहणाऱ्यांचा खटला, आणि तुमचा प्रकल्प फ्लॅटधारकांचा. तुम्ही तो ‘निवाऱ्याचा हक्क’ या वाक्याखाली दिलाय असं धरतो. पाच न्यायाधीशांनी अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असं म्हटलं, हे खरं. पण त्याच निवाड्यात महापालिकेचा अतिक्रमण काढण्याचा अधिकारही कायम ठेवला आणि पावसाळा संपेपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. निम्मा निवाडा उद्धृत करणं हे चुकीच्या पान क्रमांकापेक्षा वाईट. बरं, मानीव अभिहस्तांतरणाला तो लागतच नाही. काढून टाका. चौतीसच्या तेहतीस फुटनोटा झाल्या तर कुणी गुण कापत नाही.

मी हे इतकं ठासून का सांगतोय? नवीन असताना सिनियरांसाठी मी एक लेखी युक्तिवाद तयार केला होता. भाडेकरूचा दावा. एका भाष्यग्रंथाच्या तळटीपेतून सात निवाडे उतरवले, उघडून एकही पाहिला नाही. न्यायाधीशांनी त्यातला तिसरा वाचायला घेतला, शिरस्तेदारांकडून एआयआरचा खंड मागवला, पान उघडलं, तर तिथे भूसंपादनाच्या मोबदल्याचं अपील. ग्रंथात छापताना पानाचे दोन आकडे उलटे पडले होते आणि मी ते इमानेइतबारे उलटेच उतरवले होते. न्यायाधीश रागावले नाहीत. चष्मा काढून एवढंच म्हणाले, ‘वकीलसाहेब, हे तुम्ही वाचलंय?’ उरलेल्या सहा निवाड्यांकडे त्यांनी नंतर ढुंकून पाहिलं नाही. त्यातले पाच बरोबर होते.

तेव्हापासून माझा नियम: जे उघडलं नाही ते फुटनोटेत जात नाही. दुसऱ्याच्या पुस्तकातून घ्यायचंच असेल तर तसं लिहा, ‘अमुक ग्रंथात उद्धृत’. त्यात कमीपणा नाही. हेडनोटवर, म्हणजे निवाड्याच्या सुरुवातीला छापलेल्या सारांशावर, तर मुळीच विसंबू नका. ती संपादकाची असते, न्यायाधीशाची नव्हे. आणि मताच्या मालकाकडे लक्ष द्या. आणीबाणीतला एडीएम जबलपूर निवाडा, (१९७६) २ एससीसी ५२१, यातली न्यायमूर्ती खन्नांची वाक्यं फार सुंदर आहेत म्हणून मुलं ती ‘सर्वोच्च न्यायालय म्हणते’ असं लिहून देतात. ते अल्पमत होतं, चार विरुद्ध एक. बहुमत उलटं होतं आणि ते पुढे २०१७ मध्ये पुट्टस्वामी निवाड्यात, (२०१७) १० एससीसी १, मोडीत निघालं. तेव्हा न्यायाधीशाचं नाव, अल्पमत हा शब्द, आणि पुढे काय झालं, तिन्ही फुटनोटेत हवं.

अलीकडच्या निवाड्यांसाठी काम सोपं झालंय. २०२३ पासून न्यायालयं स्वतःच निवाड्याला क्रमांक देतात. सर्वोच्च न्यायालयाचा असेल तर वर्ष, आयएनएससी आणि आकडा. मुंबई उच्च न्यायालयाचा असेल तर वर्ष, बीएचसी, मग बाजूचं अक्षर आणि आकडा. एएस म्हणजे अपिलीय शाखा, ओएस म्हणजे मूळ शाखा. ठाणे जिल्ह्यातल्या सोसायटीने उपनिबंधकाच्या आदेशाविरुद्ध केलेली रिट एएसमध्ये सापडेल. मूळ शाखेचा दिवाणी अधिकार बृहन्मुंबईपुरता. हे माहीत असलं की शोधायला निम्मा वेळ लागतो. कुठल्याही रिपोर्टरमध्ये न छापलेला जुना निवाडा असेल तर पक्षकार, रिट याचिका क्रमांक आणि वर्ष, न्यायालय, पीठ, निकालाची तारीख, एवढं पुरे.

‘शासन निर्णय, सहकार विभाग’ हा पत्ता म्हणजे ‘ठाणे, स्टेशनजवळ’. विभागाचं पूर्ण नाव, शासन निर्णयाचा क्रमांक, त्यातला प्र.क्र. (प्रकरण क्रमांक) आणि कार्यासन, दिनांक, आणि शेवटच्या पानावरचा लांबलचक संकेतांक. तो संकेतांक सोन्याचा आहे. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे तारीखच असते, आणि साइटवर तो टाकला की बरोबर तोच कागद येतो. वरच्या बाजूला ‘वाचा’ म्हणून जी यादी असते ती मुलं वगळून जातात. ती आवर्जून पाहा. तुम्ही धरून बसलेला जुना निर्णय नव्याने अधिक्रमित केलाय का, याचा धागा तिथेच सापडतो. शिवाय शासन निर्णय, परिपत्रक आणि राजपत्रातली अधिसूचना एकाच तागडीत तोलू नका. कायद्याने दिलेल्या अधिकारात काढलेली अधिसूचना वेगळी, खात्याने दिलेली सूचना वेगळी. अधिसूचनेला राजपत्राचा भाग आणि तारीख द्या. सोसायटीच्या उपविधींचं तर सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच सांगितलंय की त्यांना कायद्याचं बळ नाही, तो सभासदांमधला करार. को-ऑपरेटिव्ह सेंट्रल बँक, (१९६९) २ एससीसी ४३. तेव्हा ‘आदर्श उपविधींनुसार कायदा असा आहे’ हे वाक्यही लाल गोलातच जाईल.

नवी मुंबईच्या सोसायट्यांचा तक्ता प्रकल्पात असेल तर जाता जाता एक. सिडकोच्या नोडमधली जमीन भाडेपट्ट्याने दिलेली असते. तिथे अभिहस्तांतरण म्हणजे भाडेपट्ट्याच्या हक्कांचं हस्तांतरण. त्या वाक्याखाली मोफासोबत भाडेपट्टा दस्ताचाही संदर्भ लागेल, नाहीतर घोडबंदर रोड आणि वाशी तुम्ही एका मापात मोजल्यासारखं होईल.

आता भा. दं. वि. ४२०. तुम्ही बिल्डरविरुद्धच्या फसवणुकीच्या गुन्ह्याबद्दल लिहिताय. गुन्हा कधी घडला? १ जुलै २०२४ पूर्वी असेल तर भारतीय दंड संहिता, १८६०, कलम ४२० हेच बरोबर, आज लिहीत असलात तरी. त्यानंतरचा असेल तर भारतीय न्याय संहिता, २०२३, कलम ३१८(४). ‘आता सगळं न्याय संहितेत आलं’ म्हणून जुन्या गुन्ह्यांचे आकडे बदलू नका. उलटा गोंधळही पाहिलाय: खुनासाठी सवयीने ‘न्याय संहिता, कलम ३०२’. नव्या ३०२ मध्ये धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारणं आहे. खुनाची शिक्षा १०३ मध्ये. गंमत म्हणजे दंड संहिता १८६० चा अधिनियम ४५, न्याय संहिता २०२३ चा अधिनियम ४५, आणि आपला मोफा १९६३ चा महाराष्ट्र ४५. नुसतं ‘अधिनियम ४५’ लिहून पाहा, मॅडम काय म्हणतात ते.

संमतीची तारीख आणि अंमलाची तारीख याही वेगळ्या असतात. न्याय संहितेला संमती २५ डिसेंबर २०२३ ला मिळाली, अंमल १ जुलै २०२४ पासून, आणि अंमलाच्या अधिसूचनेत कलम १०६(२), म्हणजे अपघात करून पळून जाण्याबद्दलचं, बाहेरच ठेवलं होतं. तुम्ही अधिनियम वाचून ते कलम लागू झालं असं लिहिलं असतं, आणि बेअर ॲक्ट पाहून कुणालाही तसंच वाटलं असतं. म्हणून अंमलाची अधिसूचना उघडायची.

प्रकल्प मराठीत असेल तर राज्याच्या कायद्यांचा मराठी पाठ राजपत्रात असतोच, तो वापरा. केंद्रीय कायद्यांचे मराठी पाठ भाषा संचालनालयाकडून निघतात. इंग्रजी निवाड्यातलं वाक्य तुम्ही स्वतः मराठी केलं असेल तर फुटनोटेत ‘भाषांतर माझे’ एवढे दोन शब्द टाका.

चॅटजीपीटीला निवाडे विचारले असतील (विचारले असतीलच), तर एक लक्षात असू द्या. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात माटा विरुद्ध अव्हियांका खटल्यात वकिलांनी असे निवाडे दाखल केले की जे जगात नव्हतेच. त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. नाव खरं वाटतं, आकडा खरा वाटतो, पान उघडायला गेलं की भूसंपादनही सापडत नाही.

राहिलं ‘तत्रैव’ आणि ‘उपरोक्त’, म्हणजे ‘आधीच्याच फुटनोटेतला संदर्भ’ असं सांगणारे शब्द. प्रकल्प पूर्ण होईपर्यंत ते वापरूच नका, प्रत्येक ठिकाणी छोटं नाव लिहा. मधे एक नवी फुटनोट घुसली की ‘तत्रैव’ भलत्याच कायद्याकडे बोट दाखवतं, आणि सोसायटी अधिनियमाचं कलम रेराच्या नावावर जमा होतं. शेवटच्या दिवशी, छापायच्या आधी, एकदाच बदला.

खटल्यांची सूची आणि अधिनियमांची सूची वेगवेगळ्या करा, खटले अकारविल्हे. तेहतीस फुटनोटा घेऊन एक दुपार बसा. प्रत्येकीसाठी मूळ कागद स्क्रीनवर उघडा, ओळ सापडली की पुढे जा. जी उघडत नाही तिच्यावर मॅडमच्या आधी तुम्हीच लाल गोल करा आणि वरचं वाक्य तिच्याशिवाय उभं राहतं का ते पाहा. पहिल्या दहांना वेळ लागेल. उरलेल्या त्याच संध्याकाळच्या चहापर्यंत होतात.